एका ओळीची खिडकी

मी एक खिडकी आहे. घराची नव्हे. मला गज नाहीत, कडी नाही, माझ्यातून वारासुद्धा येत नाही. मी पुठ्ठ्याची आहे. वहीच्या पानाएवढा पांढरा पुठ्ठा आणि त्याच्या मधोमध एक आडवी फट. मला लिहायच्या कागदावर ठेवलं की बाकीचा कागद झाकला जातो आणि एकच ओळ उघडी राहते. ती लिहून झाली की मला खाली सरकवायचं. मग पुढची ओळ. एवढंच माझं काम. आणि ते एवढंच असल्यामुळे कुणाला ते काम वाटत नाही.

माझा जन्म फोटोंना चौकटी करणाऱ्या एका दुकानात झाला. काचा, लाकडाच्या पट्ट्या, भुसा, डिंकाचा वास. फोटो आणि चौकट यांच्यामध्ये जो जाड पुठ्ठा बसवतात त्याला तिथे माउंट म्हणतात. फोटोच्या मापाचं भोक पाडायचं, कडा तिरप्या कापायच्या, झालं. माझ्या जातीचे बाकीचे पुठ्ठे कुणाच्या लग्नाभोवती, कुणाच्या बाळाभोवती जाऊन बसले. माझ्या नशिबी दुसरीचा वर्ग आला.

मला कापलं दुकानातल्या सगळ्यात तरुण कारागिरानं. त्यानं चौथीत शाळा सोडली. सोडली कसली, शाळेनंच त्याला सोडून दिलं. सगळे त्याला ‘ढ’ म्हणायचे. पण हात असा सरळ की पट्टी न लावता कापायचा. त्याची मोठी बहीण शाळेत दुसरीला शिकवायची. तो तिला ताई म्हणायचा, म्हणून मीही ताईच म्हणते. दुसरं काही माझ्या तोंडात बसत नाही.

ताई त्या दिवशी शाळा सुटल्यावर दुकानात आली आणि स्टुलावर धपकन बसली.

“दमले रे छोट्या,” ती म्हणाली. “वर्गात एकाला अख्खं पान कमी पडतं आणि दुसऱ्याला स्वतःचं नाव लिहिताना घाम फुटतो. दोघांना एकच काम दिलं तर एक कंटाळतो आणि दुसरा रडतो.”

“मग वेगवेगळं दे.”

“दिलं की! सोपा कागद कुणाला मिळाला ते मधल्या सुट्टीच्या आत सगळ्या शाळेला कळतं. मग तो मुलगा कागदच फाडून टाकतो.” ती त्याच्याकडे वळली. “तू का लिहायचा नाहीस रे? खरं सांग. मी कधी विचारलंच नाही.”

तो काच पुसत होता. पुसतच म्हणाला, “पान बघायचं माझ्याकडे.”

“म्हणजे?”

“म्हणजे बघायचं. अख्खं पान. मी एक शब्द लिहिला तरी बाकीचं पान डोळे वटारून तसंच. मग मी वही मिटून टाकायचो.”

ताईनं समोरच्या कोऱ्या पुठ्ठ्यावर हात ठेवला. मग म्हणाली, “झाकता येईल का ते?”

तो असा आहे की एकदा डोक्यात आलं की हात थांबत नाही. त्यानं समोरचा पुठ्ठा ओढला, सुरी घेतली आणि सर्रकन मला कापलं. आतून मालक ओरडले, “अरे, गिऱ्हाइकाचा पुठ्ठा आहे तो!”

“उरलेला आहे, मालक.”

“उरलेला? आत्ता अख्खा होता!”

ताई हसली. तिचं हसणं हे मी ऐकलेलं पहिलं माणसाचं हसणं. ती हसायची तेव्हा आधी खांदे हलायचे, आवाज नंतर यायचा.

*

मग मला बहिणी झाल्या. छोट्यानं दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत बसून अख्ख्या वर्गाला पुरतील एवढ्या कापल्या. तीन प्रकारच्या. एकीत फक्त एक शब्द मावायचा, तिचं नाव झरोका. एकीत एक ओळ, ती मी, खिडकी. एकीत चारपाच ओळी उघड्या राहायच्या, ते दार. बाहेरून सगळ्या सारख्याच, एका मापाच्या, एका रंगाच्या. हे ताईनं मुद्दाम सांगितलं होतं.

कागद सगळ्या मुलांना एकच. वर चित्र. समजा, भिंतीवरून एक मांजर पळतंय. खाली पहिलं वाक्य ठिपक्यांनी काढलेलं, नुसतं गिरवायचं. दुसऱ्या वाक्यात एक शब्द गाळलेला. त्याखाली सगळ्या रिकाम्या ओळी. ज्याला अक्षर जुळवताना त्रास होतो त्याच्या कागदावर झरोका गाळलेल्या जागेवर बसायचा. त्यानं एकच शब्द लिहायचा, पण नीट. ज्याला वाक्य जमतं पण पुढचं सुचत नाही त्याला मी. आणि ज्याला सुचलेलं आवरत नाही त्याला दार. मांजर का पळालं, कुठे गेलं, पकडलं कुणी, सगळं लिहू दे. चित्र एक, गोष्ट एक, तास एक. ज्यानं त्यानं आपल्याला दिसेल तेवढंच लिहायचं.

रोज सकाळी ताई पेटी घेऊन बाकाबाकावरून फिरायची. प्रत्येकाच्या तोंडाकडे बघायची. कुणाची पेन्सिल धरायची पद्धत बघायची, कुणाचे डोळे. मग पेटीतून एक पुठ्ठा काढून द्यायची. काल दार मिळालेल्याला आज झरोका मिळायचा. का, ते ती सांगायची नाही. तिचं तिला माहीत असायचं.

वर्गात एक मुलगी होती. तिला सगळे फटाकडी म्हणायचे. बोलायला लागली की तडतड. तिचा जुळा भाऊ तिच्या मागच्या बाकावर बसायचा. तो जन्मला तिच्यानंतर, चालायला लागला तिच्यानंतर, पाणी प्यायला जायचा तोही तिच्या मागोमाग. म्हणून तो शेपूट. त्याला त्याचं काही वाटायचं नाही. एकदा कुणी चिडवलं तर त्यानं शांतपणे सांगितलं, “मी मागे नाहीये. मी नंतर आहे.”

ताईनं ते वाक्य घरी जाऊन छोट्याला सांगितलं. छोट्या म्हणाला, “हे पोरगं माझ्यासारखं आहे.”

“तुझ्यापेक्षा हुशार आहे,” ताई म्हणाली. “तू चिडवणाऱ्याला दगड मारायचास.”

फटाकडीच्या लक्षात मात्र काहीही यायचं. एक दिवस ती मोठ्यांदा म्हणाली, “बाई, शेपटाचं भोक छोटं आहे! त्याला कमी लिहायचंय!”

वर्ग शेपटाकडे बघायला लागला. ताईनं काही न बोलता फटाकडीचं दार काढून घेतलं आणि तिला झरोका दिला. “हे घे. एकच शब्द लिही. पण असा, की मांजर का पळतंय ते सगळ्यांना कळलं पाहिजे.”

फटाकडी अख्खा तास पेन्सिल चावत बसली. लिहिलं, खोडलं. कुत्रा लिहिलं, खोडलं. घंटा व्हायच्या जरा आधी तिनं लिहिलं : अंघोळ.

वर्ग इतका हसला की शेजारच्या वर्गातले सर डोकावून गेले. शेपूट सगळ्यात जास्त हसला. त्या दिवसानंतर कुणी कुणाचं भोक मोजलं नाही. छोटं भोक म्हणजे सोपं काम असं काही उरलंच नाही.

आणि ‘ढ’ हे त्या वर्गात फक्त एक अक्षर होतं. ताईनं फळ्यावर मोठा ढ काढून विचारलं होतं, ढ कशातला? ढगातला, ढालीतला, ढोलातला, ढेकरातला. ढेकरावर सगळे दहादा खिदळले. मग कुणी कुणाला ढ म्हटलं की दुसरा म्हणायचा, “कुठला? ढेकरातला?” झालं, भांडण मिटलं.

*

आता मी ज्यासाठी बोलतेय ते सांगते.

त्या शाळेत वर्षाच्या शेवटी दुसरीच्या मुलांना चित्र बघून आपल्या मनानं पाच वाक्यं लिहावी लागतात. नाही जमली तर पुन्हा दुसरी. फटाकडीचा प्रश्न नव्हता. शेपटाचा होता. या दोघांची आई एका लाँड्रीत इस्त्री करते. ती एक दिवस कामावरून तशीच आली, हातावर भाजल्याचे डाग. म्हणाली, “बाई, ही दोघं एका पोटात राहिली. एका वर्गात राहू द्या. तो तिच्याशिवाय शाळेत पाऊल टाकायचा नाही.”

“राहतील,” ताई म्हणाली. “मी बघते ना.”

आणि ती बघत होती. शेपूट झरोक्यातून सुरू झाला होता. मग त्याला मी मिळाले. पहिले काही दिवस ताई माझ्यावर अंगठा ठेवून स्वतः मला सरकवायची. मग तिनं अंगठा काढला. शेपूट एक वाक्य लिहायचा, मान वर करून तिच्याकडे बघायचा, ती डोळ्यांनीच हो म्हणायची, आणि मग तो मला सरकवायचा. त्याची बोटं घामेजलेली असायची. माझ्या कडेला अजून त्यांचे डाग आहेत.

पुढचं तिनं ठरवलेलं होतं. माझी फट एका ओळीनं वाढवायची. मग आणखी एका ओळीनं. मग दार. मग एक दिवस दारही काढून घ्यायचं, तो म्हणेल ‘बाई, खिडकी?’ आणि ही म्हणेल ‘अरे, विसरले रे, आज तसंच लिही.’ ती छोट्याला म्हणाली होती, “ही खिडकी वर्षअखेरीला कचऱ्यात गेली पाहिजे. गेली तर मी शिकवलं म्हणायचं.”

एका शनिवारी तिनं माझ्यावर पेन्सिलनं एक रेघ मारली. इथपर्यंत वाढवायची. मला पिशवीत घातलं. सोमवारी शाळेत जाताना दुकानातून कापून घेणार होती.

रविवारी सकाळी ती कपडे भिजवत होती. एकदम म्हणाली, “आई गं, डोकं.” बस्स. एवढंच म्हणाली.

छोट्यानं तिला उचललं. रिक्षात घातलं. जाताना काय हाताला लागेल ते घेतलं आणि हाताला लागली तिची पिशवी. मी त्या पिशवीत होते. दवाखान्याच्या बाकावर तो पिशवी पोटाशी धरून बसला. कुणी विचारलं, पेशंटचे कोण? तो म्हणाला, भाऊ. मग आणखी कुणी विचारलं, मोठं कुणी आहे का घरात? तो म्हणाला, “तीच आहे ना मोठी.”

डोक्यातली शीर फुटली होती. डॉक्टर बाहेर आले आणि हळू आवाजात काहीतरी बोलले. छोट्या म्हणाला, “हो, पण उद्या शाळा आहे तिला.”

डॉक्टरांनी त्याला परत बाकावर बसवलं.

“मुलं यायची आहेत,” छोट्या म्हणाला. मग त्यानं पिशवी भिंतीवर आपटली. मी आत वाकले. माझा एक कोपरा तेव्हाच मोडला.

नंतर दुकानात मालकांनी त्याला तिचा फोटो दिला. “तूच कर बाबा. तुझ्या हातानं होऊ दे.” त्यानं पुठ्ठा घेतला, सुरी घेतली आणि कापलं. वाकडं. दुसरा घेतला. वाकडं. ज्या हाताला पट्टी लागत नव्हती त्या हाताला सरळ कापता येईना. चौथ्या पुठ्ठ्याला मालकांनी त्याच्या हातातली सुरी काढून घेतली आणि स्वतः चौकट केली. तो फोटो घरी लावलाय. त्यात ती हसतेय, पण खांदे हलत नाहीत. तो कसला फोटो.

*

काही आठवड्यांनी शाळेतून निरोप आला. मुलांनी तुमच्या ताईंसाठी काहीतरी केलंय, बघायला या. छोट्या गेला. ताईच्या पिशवीतलं शाळेचं सामान परत करायचं म्हणून पिशवी घेऊन गेला, म्हणून मीही गेले.

वर्गाच्या मागच्या भिंतीवर माझ्या सगळ्या बहिणी होत्या.

झरोके, खिडक्या, दारं. सगळ्या भिंतीला चिकटवलेल्या. प्रत्येकीच्या फटीत एका मुलानं काढलेलं ताईचं चित्र. झरोक्यांत ताईचा नुसता डोळा मावला होता. कडेनं चमकी, रंगीत कागदाची फुलं, टिकल्या. वर मोठ्या अक्षरांत : आमच्या बाई.

वर्ग आता नव्या बाईंकडे होता. वाईट नव्हत्या त्या. वयानं लहान होत्या, ओढणी सारखी सावरायच्या. त्या म्हणाल्या, “कपाटात या चौकटी मिळाल्या. मुलं म्हणाली बाईंच्या आहेत. म्हटलं, त्यांचंच काहीतरी वापरून करू या. मुलांनी किती छान सजवल्यात बघा.”

“चौकटी?” छोट्या म्हणाला.

“हो ना. फोटोच्या.”

“ह्या चौकटी नाहीत.”

“मग?”

त्यानं तोंड उघडलं. त्याला सगळं माहीत होतं. पान कसं बघतं ते त्याच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. पण ते सांगायचं कसं? “ह्या... कागदावर ठेवायच्या... पोरं घाबरतात ना... म्हणजे ताई...” नव्या बाई मान हलवत होत्या, दुःखी माणसाकडे बघून हलवतात तशी. ती मान त्याला सहन झाली नाही.

तो भिंतीकडे गेला आणि ओरबाडायला लागला. डिंकानं भिंतीचा रंग निघाला, पुठ्ठे फाटले, चमकी उडाली. ताईची तोंडं त्याच्या मुठीत चुरगळली. “ह्या काय लटकवायच्या आहेत? ह्या लटकवायच्या आहेत?” मुलं रडायला लागली. फटाकडी ओरडली, “काका, माझी बाई फाडू नका!” शेपूट भिंतीला पाठ लावून उभा होता, दोन्ही हात कानांवर.

शिपायानं छोट्याला धरून बाहेर नेलं. मुख्याध्यापिका म्हणाल्या, “तुमचं दुःख समजतं हो आम्हाला. पण मुलांसमोर हे बरं नाही.” फाटलेल्या बहिणी केरात गेल्या. उरले मी, पिशवीत, कोपरा मोडलेली.

ताईला हवं होतं आम्ही कचऱ्यात जावं. पण असं नव्हतं हवं.

*

मग एके दिवशी फटाकडी दुकानात आली. शेपटाला मनगटाला धरून ओढत आणलेलं. रस्त्यापलीकडे त्यांची आई उभी होती.

“काका, एक पण खिडकी नाही का उरली? हा लिहीतच नाही. उद्या परीक्षा आहे.”

“तुमच्या नव्या बाई शिकवत नाहीत?”

“शिकवतात. त्यांनी तीन कागद केलेत. कागदाला अ, ब, क लिहिलंय. ह्याला क.” तिनं आवाज खाली आणला, तरी तो दुकानभर ऐकू आला. “सगळे म्हणतात, क म्हणजे कच्चा लिंबू. मग हा पेन्सिलच उचलत नाही.”

नव्या बाईंनी घरी बसून, डोळे दुखेपर्यंत ते कागद केले असतील. क च्या कोपऱ्यात एक छान चांदणीसुद्धा काढली होती म्हणे. त्यांना काय माहीत, मुलांना चांदणी दिसत नाही, क दिसतो.

“म्हणणाऱ्यांच्या...” छोट्या बोलायला लागला आणि मालकांनी खाकरल्यावर थांबला.

त्यानं मला पिशवीतून काढलं. ताईची ती पेन्सिलची रेघ त्याला तेव्हा दिसली. तो तिच्याकडे बघत राहिला. मग सुरी घेतली. पुन्हा वाकडं कापेल असं मला वाटलं. नाही कापलं. त्या रेघेवरून त्यानं मला कापलं, ताई जशी सांगायची तशी, एका ओळीनं मोठी.

शेपूट दुकानाच्या पायरीवर बसला. छोट्यानं पुठ्ठ्याच्या वेष्टनाचा कागद दिला, मी वर. शेपटानं माझ्यातून खाली बघितलं, जसं विहिरीत बघतात. मग त्यानं लिहिलं. ‘दुकानात काच खूप आहे. काका काच कापतात.’ मान वर केली. समोर ताई नव्हती, छोट्या होता. छोट्याला कळलं नाही काय करायचं. फटाकडीनं त्याला कोपरानं ढोसलं, “हो म्हणा ना, डोळ्यांनी.” त्यानं डोळ्यांनी हो म्हटलं. शेपटानं मला सरकवलं. आणखी दोन वाक्यं. आणखी एक.

पाच झाली. छोट्या फुटपाथवरच नाचला. मालकही बघायला बाहेर आले. रस्त्यापलीकडून आईनं पदर तोंडाला लावला.

दुसऱ्या दिवशी मी शेपटाच्या दप्तरात बसून परीक्षेला गेले.

परीक्षेला दुसऱ्या वर्गाचे सर असतात. तशी पद्धत आहे. मुलांना दूर दूर बसवलं. फटाकडी खिडकीजवळ, शेपूट दाराजवळ. कागद वाटले. शेपटानं मला काढून कागदावर ठेवलं. सर आले.

“हे काय?”

शेपटानं माझ्यावर हात ठेवला.

“खिडकी आहे सर!” फटाकडी तिकडून ओरडली. “त्याला लागते!”

“खिडकी भिंतीला असते. पुढे बघ.” वर्ग हसला. सरांनी मला उचललं. “बाकावर पेन्सिल आणि खोडरबर. दुसरं काही नाही.” त्यांनी मला नेऊन आपल्या टेबलावर ठेवलं.

तिथून मला सगळं दिसत होतं.

शेपटासमोर अख्खा कागद होता. वर चित्र, खाली सगळ्या रिकाम्या ओळी. तो त्याच्याकडे बघत बसला, आणि मी शपथेवर सांगते, कागद त्याच्याकडे बघत होता. मग त्यानं डावा हात कागदाच्या वरच्या भागावर आडवा ठेवला. थोडं झाकलं. खालचं उघडंच होतं. त्यानं पेन्सिल बाकावर ठेवली आणि उजवा हातही कागदावर आडवा ठेवला. दोन हातांच्या मध्ये एक ओळ उरली. बरोबर एक ओळ. त्याची स्वतःची खिडकी.

आणि मग त्याला कळलं की लिहायला हात उरला नाही.

तो तसाच बसला. दोन्ही हात कागदावर, मध्ये एक रिकामी ओळ, पेन्सिल बाजूला. मधूनच फटाकडी मागे वळायची, सर म्हणायचे, “पुढे बघ.” घंटा झाली. सरांनी त्याच्या हाताखालून कागद ओढून घेतला.

*

निकाल लागला त्याच्यानंतर नव्या बाई दुकानात आल्या. हातात मी होते, सरांच्या टेबलावरून घेतलेली. आणि तो कोरा कागद.

“हा एवढं छान बोलतो,” त्या म्हणाल्या. “एक शब्द नाही लिहिला. मी त्याच्या बहिणीला विचारलं, तर तिनं मला हे दाखवलं. तिनंच ठेवून दाखवलं, असं.” त्यांनी मला कागदावर ठेवलं. बाकीचा कागद झाकला गेला. “मला माहीत नव्हतं हो.”

छोट्या त्यांच्याशी भांडेल असं मालकांना वाटलं. ते उठून पुढे आले. पण तो भांडला नाही. भांडायला त्याच्यात काही उरलं नव्हतं.

“त्याला वर घ्या ना,” तो म्हणाला. “त्यानं ह्या पायरीवर लिहिलीयत पाच वाक्यं. मी बघितलीयत.”

“मी बोलले मुख्याध्यापिकांशी. दोनदा बोलले. निकाल बदलत नाही म्हणाल्या.” त्यांनी कागदासकट मला त्याच्याकडे सरकवलं. “तो पुन्हा माझ्याकडेच येणार आहे. तुम्ही अजून अशा कापून द्याल? सगळ्या वर्गाला?”

“देतो.”

“आणि...” त्यांनी ओढणी सावरली. “कुणाला कोणती द्यायची, ते त्या कशा ठरवायच्या? काही सांगितलं होतं त्यांनी?”

छोट्यानं मला उचललं आणि माझ्या कापलेल्या कडेवरून बोट फिरवलं.

“मी फक्त कापायचो,” तो म्हणाला.

*

आता नवं वर्ष सुरू झालंय. वर्गात नवी पेटी आहे, तिच्यात नव्या कोऱ्या खिडक्या, झरोके, दारं. नव्या बाई रोज सकाळी बाकाबाकावरून फिरतात. थांबतात. मुलाकडे बघतात, पेटीत बघतात, पुन्हा मुलाकडे बघतात. अंदाजानं एक काढून देतात. कधी बरोबर लागतं, कधी चुकतं. त्या प्रयत्न करतात. मी त्यांना दोष देत नाही. मला कुणाला तरी दोष द्यायचाय आणि कुणी सापडत नाही, एवढंच.

मी शेपटाच्या बाकावर असते. त्याला आता शेपूट कुणी म्हणत नाही. पुढे कुणी असलं तर शेपूट ना. फटाकडी वरच्या मजल्यावर तिसरीत. मधल्या सुट्टीत ती धावत खाली येते, त्याच्या दारात उभी राहते, काहीबाही बडबडते. तो ऐकतो. घंटा झाली की ती जाते. पहिल्या दिवशी तो तिच्या मागोमाग जिना चढून गेला होता. शिपायानं त्याला हाताला धरून खाली आणलं.

कागद येतो. तो मला पहिल्या ओळीवर ठेवतो, जिथे ठिपक्यांचं वाक्य असतं. ते गिरवतो. गिरवून झालं की पुन्हा तेच गिरवतो. पुन्हा. पेन्सिलनं कागद फाटेपर्यंत. मान वर करत नाही. माझ्यात आता दोन ओळींची जागा आहे. खालची ओळ त्याच्या डोळ्यांसमोर रिकामी असते. तो तिला हात लावत नाही.

वाचणाऱ्या माणसा, तुझ्या घरी, तुझ्या वर्गात असं एखादं लेकरू असेल. त्याच्या कागदावर माझ्यासारखं काहीही ठेव. पट्टी ठेव, पुस्तक ठेव, तुझा हात ठेव. पण त्याआधी त्याच्याकडे बघ. मग त्यानं मान वर केली की तिथे अस. चहा प्यायला जाऊ नकोस, दुसरीकडे बघू नकोस, मरू नकोस. त्यानं मान वर केली आणि तिथे कुणी नसलं की ती मान पुन्हा वर होत नाही.

छोट्या अधूनमधून शाळेच्या कुंपणाशी येऊन उभा राहतो. आत यायची त्याला परवानगी नाही. तिथून डोळ्यांनी हो म्हटलेलं बाकापर्यंत पोचत नाही.

आणि मी रोज त्या पहिल्याच ओळीवर पडून असते. मी पुठ्ठा आहे. मला आपणहून सरकता येत नाही.